पाखरांचे फोटो काढायला निघालात? आधी पाण्याची बाटली भरा



आरोग्याच्या पानावर पाखरांचे काय काम, असे कुणीही विचारेल. आम्हालाही तीन वर्षांपूर्वी तसेच वाटले असते. पण मागच्या तीन उन्हाळ्यांत कारध्याच्या नदीकाठावर मुलांना घेऊन फिरताना जे शिकलो, त्यातले अर्धे पाखरांबद्दल आहे आणि अर्धे आपल्या शरीराबद्दल. एक चूक आमच्या हातून झाली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात अगदी साधी होती. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की वस्तीतली पोरे दिवसभर मोबाईल घेऊन घरात बसायची. आया ओरडून थकल्या. विहारात महिला मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "मोबाईल हिसकून काही होणार नाही. त्याच मोबाईलने काही चांगले करायला लावा." त्यातून ठरले की दर रविवारी पहाटे मुलांना नदीवर न्यायचे, पाखरे दाखवायची आणि ज्याच्याकडे मोबाईल असेल त्याने फोटो काढायचे. खर्च काही नाही. चालणे होते, सकाळची हवा मिळते, डोळे पडद्यावरून उठून दूरवर जातात. मुले रोज काही वेळ बाहेरच्या उजेडात राहिली तर त्यांना दूरचे न दिसण्याचा, म्हणजे चष्म्याचा त्रास सुरू होण्याची शक्यता कमी होते, हे आता डॉक्टरही सांगतात.

नदीवर काय दिसते

कारधा म्हटले की जिल्ह्यातल्या माणसाला पूल आणि पूर आठवतो. वैनगंगेच्या या काठाला कारधा, पलीकडे भंडारा. पावसाळ्यात कारध्याच्या पुलाजवळ पाणी किती चढले, यावर सगळ्यांचे कान असतात. ऑगस्ट २०२० चा पूर ज्यांनी पाहिला, ते तो विसरणार नाहीत. पण उन्हाळ्यात तीच नदी वेगळी असते. पाणी आटते, रेतीचे आणि गोट्यांचे पट्टे उघडे पडतात, काठाने उन्हाळी धानाच्या बांध्या हिरव्या असतात, आणि अशा जागी पाखरांची गर्दी होते.

सगळ्यात आधी ऐकू येते ती टिटवी. मग पुलाच्या तारेवर बसलेला कोतवाल, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणारा आणि दगडासारखा खाली पडून मासोळी उचलणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या, पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे, बगळे, ढोकरी. पाण्यावरून सरळ रेषेत उडणारा, पिवळ्या चोचीचा आणि दुभंगलेल्या शेपटीचा नदी सुरय. धानाच्या बांधीत गोगलगायी वेचणारा उघड्या चोचीचा करकोचा. रेतीच्या कड्यात बोगदा करून राहणारे हिरवे वेडे राघू. धुऱ्यावरच्या खांबावर नीलकंठ. मुलांनी पहिल्याच उन्हाळ्यात वहीत तीसच्या वर नावे लिहिली. त्यातली निम्मी नावे आम्हा मोठ्यांनाही माहीत नव्हती. ती नदीवरच्या एका वयस्क ढिवर बाबांनी सांगितली. डोंगा चालवता चालवता पन्नास वर्षे त्यांनी हीच पाखरे पाहिली होती.

आपला जिल्हा पाखरांच्या बाबतीत श्रीमंत आहे. मामा तलाव आणि बोड्या यांच्यामुळे सारसासारखा माणसाच्या उंचीचा पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या भागातच तग धरून आहे, आणि त्यातही आपल्या भंडाऱ्यात तो बोटांवर मोजण्याइतकाच उरला आहे. नवेगावबांधच्या जंगलात नोकरी करता करता मारुती चितमपल्लींनी पाखरांवर आयुष्यभर लिहिले आणि मराठीला 'पक्षीकोश' दिला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. म्हणून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. पण तो हिवाळ्यात. आमच्या मुलांना सुटी उन्हाळ्यात, म्हणून आमची सहलही उन्हाळ्यात. आणि इथेच काळजीचा भाग सुरू होतो.

तो रविवार

दुसऱ्या वर्षी, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्हाला निघायला उशीर झाला. आदल्या रात्री वस्तीत हळद होती, सगळे उशिरा झोपलेले. पहाटे साडेपाचला निघणारी मंडळी साडेसातला निघाली. नदीवर पोचेपर्यंत ऊन चांगलेच वर आले होते.

काठावरच्या एका गोटाळ पडीक जागेत एका मुलीला टिटवीची अंडी दिसली. चार अंडी, मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. गोट्यांमध्ये ठेवलेली, घरटे म्हणावे असे काहीच नाही. साहजिकच सगळ्यांना फोटो हवा होता. एकेक जण जवळ जाऊन बसून फोटो काढू लागला. मग अंड्यांसोबत सेल्फी. टिटवीची जोडी डोक्यावरून झेप घेत ओरडत होती आणि आम्ही मोठी माणसे कौतुकाने त्याचाही व्हिडिओ काढत होतो. दहा वाजून गेले.

तेवढ्यात सातवीतला एक मुलगा मांडी धरून खाली बसला. म्हणाला, पाय दुखतात. आम्हाला वाटले, चालून थकला असेल. "चाल, चाल, घर जवळच आहे," असे म्हणत त्याला उठवले. शंभर पावले गेला आणि रडायलाच लागला. आता कंबर आणि पाठही दुखत होती. तोंड सुकलेले. बाटली पाहिली तर भरलेलीच. सकाळपासून त्याने घोटभरही पाणी प्यालेले नव्हते. मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला भंडाऱ्याला दवाखान्यात नेले. तिथे त्याची आई धावत आली आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात म्हणाली, "डॉक्टर साहेब, याला सिकलसेल आहे. एसएस."

आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हते. आईने सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारले नव्हते.

मुलाला सलाईन लावले, दुखणे थांबवायचे औषध दिले. तीन दिवसांनी तो घरी आला. बरा झाला. पण ते तीन दिवस आमच्यापैकी कुणालाही नीट जेवण गेले नाही.

नंतर त्याच्या आईशी शांतपणे बोललो. का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "घरात मोठी मुलगी लग्नाची आहे. भावाला सिकलसेल आहे म्हटले की पाहुणे परत जातात." आणि मुलाला विचारले, तू पाणी का नाही प्यालास? तो खूप वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाणी पिले की घडीघडी लघवीला जावे लागते. पोरे हसतात."

सिकलसेल आणि ऊन यांचा संबंध

डॉक्टरांनी जे समजावले ते सगळ्यांनी ध्यानात ठेवावे असे आहे.

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात, म्हणून त्या बारीकातल्या बारीक नळीतूनही सरकतात. सिकलसेल असलेल्या माणसाच्या लाल पेशी काही वेळा कडक होऊन विळ्यासारख्या वाकड्या होतात. मग त्या बारीक नळ्यांत अडकतात, पुढचे रक्त थांबते आणि त्या जागी असह्य वेदना होतात. हातपाय, कंबर, पाठ, छाती, पोट, कुठेही. शरीरातले पाणी कमी होणे, ताप, फार दमणे, एकदम थंडी लागणे, यांनी पेशी वाकड्या होण्याला जोर मिळतो. उन्हात पाणी न पिता तीन तास उभे राहणे म्हणजे संकटाला बोलावणेच.

आता दुसरी गोष्ट. या मुलांच्या मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवणे जमत नाही. म्हणून त्यांना लघवी जास्त होते, वारंवार होते, रात्री अंथरुणही ओले होते. हा आळस नाही, वाईट सवयही नाही, तो आजाराचाच भाग आहे. जास्त पाणी बाहेर जाते म्हणून जास्त पाणी प्यावे लागते. आणि आपण काय करतो? त्याच गोष्टीवर हसतो, रागावतो. मग मूल पाणीच टाळते. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ज्यांच्या आजा-पणज्यांनी १९२७ मध्ये मार खाल्ला, त्यांच्या घरात एका मुलाला पाणी प्यायची लाज वाटावी, हे आपल्याला शोभत नाही.

हा आजार आईवडील दोघांकडून येतो. एकाच बाजूने आला तर माणूस 'वाहक' असतो, त्याला एएस म्हणतात. वाहक बहुतेक आयुष्य अगदी निरोगी जगतो. दोन्ही बाजूंनी आला तर 'रुग्ण', म्हणजे एसएस. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळे असण्याची २५ टक्के असते. म्हणजे मुलगी वाहक आहे म्हणून पाहुण्यांनी परत जायचे काहीच कारण नाही. समोरच्याने आपली तपासणी करावी, एवढेच. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा. लपवण्यामुळेच दोन वाहक नकळत एकत्र येतात आणि त्याचा भोग पुढे लेकरू भोगते.

विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात बऱ्याच प्रमाणात आहे. तो कुणाच्या जातीचा डाग नाही, मागच्या जन्मीचे पाप तर नाहीच नाही. मागच्या जन्मीचे कर्म या जन्मी भोगावे लागते हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये खोडून काढला आहे. शास्त्र सांगते की जिथे हिवताप फार होता, तिथे वाहक माणसे गंभीर हिवतापातून जास्त वाचली, म्हणून ही पेशी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांना बोलते आणि संघटित करण्याचे काम केले. त्या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी तिच्यात करायची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी तपासणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण हे कळते. रुग्णांसाठी फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया अशी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यायची. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिवस असतो. त्या दिवसाची वाट पाहू नका. या आठवड्यातच घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.

टिटवीने काय शिकवले

आता त्या अंड्यांकडे वळू.

मुलगा दवाखान्यातून आल्यावर आम्ही ढिवर बाबांना घडलेले सांगितले. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि मग विचारले, "आणि अंडी? तुम्ही किती वेळ तिथे होता?" दोन तास, आम्ही म्हणालो. ते म्हणाले, "मग उकडली असतील."

आम्हाला ते माहीतच नव्हते. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती फक्त ऊब द्यायला नाही. दुपारी ती अंड्यांवर सावली धरते. नर आणि मादी आळीपाळीने पाण्याला जातात, पोटाची पिसे भिजवतात आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसतात, म्हणजे अंडी थंड राहतात. असे जवळजवळ महिनाभर. चाळीसच्या वरच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळात खराब होतात. म्हणजे आम्ही जिला 'चिडलेली टिटवी' म्हणून व्हिडिओत टिपत होतो, ती आई आपल्या पिल्लांना सावली द्यायला येऊ पाहत होती आणि वाटेत आम्ही उभे होतो. एकाच सकाळी आम्ही दोन ठिकाणी एकच चूक केली. टिटवीच्या अंड्यांना ऊन लागू दिले आणि आपल्या मुलालाही.

सुरय, टिटवी, वेडा राघू यांच्या विणीचा हंगाम नेमका उन्हाळ्यात येतो. रेतीच्या पट्ट्यावर चालताना पायाखाली अंडी येऊ शकतात, इतकी ती मातीत मिसळलेली असतात. म्हणून आता आमचा नियम आहे की घरटे, अंडी किंवा पिल्लू दिसले तर फोटो नाही. आल्या पावली मागे फिरायचे, जागा कुणाला सांगायची नाही, मोबाईलवर टाकायची नाही. पाखरू ओरडू लागले, डोक्यावर फिरू लागले किंवा बसल्या जागेवरून उठले, तर समजायचे की आपण फार जवळ आलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही जंगली पाखरांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे शिकारीतच मोजले आहे.

कायद्याच्याही आधी आपल्याकडे शील आहे. देवदत्ताने बाण मारून पाडलेला पक्षी सिद्धार्थाने उचलला, बाण काढला, पाणी पाजले. पक्षी कुणाचा, यावर भांडण झाले तेव्हा निवाडा झाला की मारणाऱ्याचा नव्हे, वाचवणाऱ्याचा. बाबासाहेबांनी ही गोष्ट आपल्या ग्रंथात मुद्दाम घेतली आहे. कॅमेऱ्याने नेम धरणाऱ्यालाही ती लागू आहे असे आम्हाला वाटते. फोटो आपला व्हावा म्हणून पाखराचा जीव जाणार असेल, तर तो फोटो नको.

फोटो काढायचा कसा

महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाईलवर चांगले फोटो येतात, थोडी युक्ती लागते.

कारध्याच्या काठावरून सकाळी नदीकडे तोंड केले की सूर्य आपल्या पाठीमागे येतो. त्यामुळे पाखरावर चांगला उजेड पडतो आणि आपल्या डोळ्यांतही ऊन जात नाही. सूर्याकडे कॅमेरा किंवा दुर्बीण धरून पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होते. भडक कपडे टाळावेत, मातकट किंवा हिरवे घालावेत. पाखराच्या मागे धावू नये. एका झाडाच्या सावलीत बसून राहावे, पाच-दहा मिनिटांत पाखरे आपल्याला विसरतात आणि स्वतःच जवळ येतात. मोबाईलचा झूम फार ओढला की फोटो फाटतो. त्यापेक्षा साधा फोटो काढून नंतर कापावा. कुणाकडे जुनी दुर्बीण असेल तर तिच्या भिंगाला मोबाईलचा कॅमेरा चिकटवून धरावा, दूरचे पाखरूही चांगले येते. मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत त्याला वाटते की शत्रू आला आणि ते अन्नपाणी सोडून लढायला धावते.

नाव कळत नसेल तर 'मर्लिन' नावाचे मोफत ॲप फोटोवरून आणि आवाजावरून पाखरू ओळखायला मदत करते. पण आमचा अनुभव असा की वहीत आधी स्वतः लिहावे. रंग, चोच, काय खात होते, किती वाजले होते. लक्ष देऊन पाहणे हीच खरी सवय. अर्धा तास न बोलता, एका जागी बसून, जे समोर आहे तेच पाहणे विहारातल्या ध्यानवर्गात ज्या मुलांना जमत नव्हते, त्यांना नदीवर जमले.

दोन खोट्या समजुती

टिटवी रात्री ओरडली की कुणी मरते, पिंगळा घरावर बसला की अपशकुन होतो, असे आपल्याही वस्त्यांत अजून ऐकू येते. टिटवी रात्री ओरडते कारण कुत्रे, कोल्हा किंवा माणूस तिच्या अंड्यांजवळ गेलेला असतो. पिंगळा घराजवळ येतो कारण तिथे उंदीर आणि किडे मिळतात, म्हणजे तो आपले कामच करतो. त्याला दगड मारू नये.

दुसरी समजूत खिशातल्या कांद्याची. खिशात कांदा ठेवला म्हणजे ऊन लागत नाही, असे म्हणत आमचेही काही जण निर्धास्त निघाले होते. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशात ठेवून तो काही करत नाही. ऊन लागू नये म्हणून वेळ, सावली, दुपट्टा आणि पाणी याच चार गोष्टी कामाच्या आहेत.

ऊन लागले तर

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे येणे, फार घाम, लघवी गडद पिवळी, ही सुरुवातीची चिन्हे. लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, ओल्या कपड्याने अंग पुसावे, वारा घालावा, घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्यावे. अंग तापून भट्टी झाले, माणूस बरळू लागला, ओळखेनासा झाला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो. लगेच १०८ वर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

सिकलसेलच्या मुलाला दुखू लागले तर चालवू नये. सावलीत झोपवावे, पाणी द्यावे. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, थंडीने त्रास वाढतो. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी सोबत असेल तर सांगितलेल्या प्रमाणात द्यावी. दुखणे थांबत नसेल, ताप असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, पोट फुगले असेल किंवा हातपाय लुळा पडला असेल, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि नदी. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. रेती उपसलेल्या जागी वरून टोंगळ्याएवढे पाणी दिसते आणि पुढच्या पावलाला माणूस बुडेल एवढा खड्डा असतो. सिकलसेलच्या मुलाने उन्हातून एकदम थंड पाण्यात उडी घेणे तर आणखी वाईट. नदीचे पाणी पिऊ नये. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येते, आणि गोसीखुर्द धरणाचे अडलेले पाणी मागे आपल्या बाजूला चढते. काठावर मेलेले पाखरू दिसले तर हात लावू नये, बर्ड फ्लूचा धोका असतो. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

परळातले पाणी

नवतप्यात, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही आता नदीवर जातच नाही. त्या दिवसांत पाखरांनाच घरी बोलावतो. मातीचे पसरट परळ सावलीत ठेवायचे, त्यात दोन-तीन बोटे पाणी घालायचे, मध्ये एक दगड ठेवायचा म्हणजे लहान पाखराला बसता येते. पाणी रोज बदलायचे आणि परळ घासून धुवायचे. हे विसरलात तर डेंगीचे डास तिथेच अंडी घालतील आणि पुण्य करता करता ताप विकत घ्याल.

ही युक्ती त्याच मुलाची आहे. दवाखान्यातून आल्यावर त्याला काही दिवस बाहेर जायला मनाई होती. त्याने खिडकीखाली परळ ठेवले आणि खाटेवर बसून आईच्या मोबाईलने फोटो काढू लागला. महिनाभरात त्याने बुलबुल, दयाळ, साळुंकी, सातभाई, चिमण्या, होला आणि एक दिवस चक्क पाणी प्यायला आलेला कोतवालही टिपला. परळ भरताना तो स्वतःही एक पेला पाणी प्यायचा, हे त्याच्या आईने नंतर सांगितले. पुढच्या बुद्ध पौर्णिमेला विहारात मुलांच्या फोटोंचे छोटे प्रदर्शन लावले, तेव्हा सगळ्यात जास्त फोटो त्याचे होते. त्या दिवशी त्याच्या आई माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मुलाला सिकलसेल आहे. तुमच्याही घरात तपासणी करा." त्या महिन्यात वस्तीतली बरीच घरे आरोग्य केंद्रात जाऊन आली. त्यात काही वाहक निघाले. आता ते सांगतात, लपवत नाहीत. मोठ्या मुलीचेही लग्न ठरले. मुलाकडच्यांनी आधी आपली तपासणी करून कागद दाखवला.

तो मुलगा या उन्हाळ्यात पुन्हा नदीवर आला. दर अर्ध्या तासाला शिट्टी वाजते आणि सगळे, लहान-मोठे, एकदम पाणी पितात. कुणी एकटा पीत नाही, म्हणून कुणी एकटा लघवीला जात नाही आणि कुणी हसतही नाही. शिट्टी वाजवायचे काम त्याच्याकडे आहे.

सहलीला निघण्याआधी

१. पहाटे साडेपाचला निघावे, साडेआठला घरी परत. उशीर झाला तर सहल रद्द, पुढच्या रविवारी.

२. प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना एकांतात विचारावे: सिकलसेल, दमा, फिट्स, हृदयाचा त्रास आहे का? औषध कोणते? उत्तर चारचौघांत सांगू नये.

३. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, गटाजवळ आणखी एक कॅन. दर अर्ध्या तासाला सगळ्यांनी प्यावे.

४. ओआरएसची पाकिटे. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. घरून आंबील, ताक किंवा पन्हे आणले तर उत्तम. रंगीत थंड पेये नकोत.

५. डोक्याला दुपट्टा किंवा टोपी, अंगभर सुती कपडे, पायात बंद चप्पल-बूट.

६. उपाशी पोटी निघू नये. पोहे, भाकरी, केळे, काहीतरी पोटात असावे.

७. दहा मुलांमागे किमान दोन मोठी माणसे. एक गाडी जवळपास तयार असावी. १०८ हा नंबर मुलांनाही पाठ असावा.

८. घरटे, अंडी, पिल्लू यांचा फोटो नाही. पाण्यात उतरायचे नाही. प्लास्टिक परत आणायचे.

तुमच्या गावाजवळ नदी नसेल, पण बोडी असेल, मामा तलाव असेल, शाळेमागचे बाभळीचे झाड असेल. पाखरे तिथेही आहेत. मुलांना घेऊन जा, आणि निघण्याआधी बाटल्या भरल्या का, ते एकदा पाहा.

नमो बुद्धाय. जय भीम.